बाळंतपण दवाखान्यात गेलं, देखभाल मागे राहिली

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या गेल्या तीन फेऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या की महाराष्ट्राची एक कामगिरी लगेच नजरेत भरते. २००५-०६ मध्ये राज्यातल्या शंभरापैकी सुमारे ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१५-१६ मध्ये हा आकडा ९० वर गेला आणि २०१९-२१ मध्ये ९५ च्या जवळ पोचला. सासू घरी बाळंत झाली, सून प्राथमिक आरोग्य केंद्रात. अंधारी खोली, बाज, शेगडी आणि सुईण हे बाळंतपणाचं चित्र एका पिढीत मागे पडलं. हा बदल लहान नाही, आणि त्याचं फळही दिसलं. २००४-०६ मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ३३. देशाचा आकडा याच काळात २५४ वरून ९७ वर आला.

पण त्याच सर्वेक्षणाच्या पुढच्या ओळी वाचताना थबकायला होतं. गरोदरपणात किमान चार वेळा तपासणी झालेल्या मातांचं प्रमाण महाराष्ट्रात शेवटच्या दोन फेऱ्यांमध्ये ७२ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आलं. बाळंतपणाला दवाखान्यात जाणाऱ्या बायका वाढल्या आणि त्याआधी नियमित तपासून घेणाऱ्या किंचित घटल्या. पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण पहिल्या दहा वर्षांत ४६ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आलं आणि मग ३५ वर अडकून बसलं. बाळंतपणाचा एक दिवस यंत्रणेने जिंकला. त्याच्या अलीकडचे नऊ महिने आणि पलीकडची दोन वर्षं अजून हाती आलेली नाहीत. खेड्यापाड्यांतल्या माता-बालसेवांचा आढावा घ्यायचा तर तो याच फटीत उतरून घ्यावा लागतो.

सरकारी बैठकांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं: सेवा आहेत, लोक लाभ घेत नाहीत. मग अज्ञान, अंधश्रद्धा, जनजागृतीची गरज हे शब्द ओळीने येतात. महाराष्ट्राचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव मात्र वेगळं सांगतो. बाई सेवा जोखून घेते. सेवा किती लांब आहे, किती खर्चाची आहे, तिथे कोण भेटतं आणि कसं बोलतं, हे पाहून ती ठरवते. जिथे सेवा तिच्या दारात, तिच्या भाषेत आणि वेळेवर आली, तिथे तिने ती घेतली.

याचा पहिला मोठा पुरावा जामखेडचा. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या या दुष्काळी तालुक्यात आलं. तेव्हा तिथल्या गावांमध्ये हजार जन्मांमागे १७६ बालकं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. आरोळ्यांनी आधी प्रशिक्षित नर्सना गावात ठेवून पाहिलं. ते जमलं नाही. नर्सबाईंना परकं गाव नको होतं आणि गावातल्या बायकांनाही शहरी बोलणारी तरुण मुलगी आपली वाटत नव्हती. मग त्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडून द्या. ज्या आल्या त्यांतल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, बऱ्याच जणी दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि गावात परतून गरोदर बायकांची तपासणी, बाळंतपण, जुलाबाच्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी ही कामं करत. पुढच्या दोन दशकांत बालमृत्यूचा दर अनेक पटींनी खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशभर गावची आरोग्य कार्यकर्ती म्हणून जी ‘आशा’ उभी राहिली, तिच्या मागे जामखेडच्या या बायका आहेत.

दुसरा पुरावा गडचिरोलीचा. तो अधिक काटेकोर आहे आणि म्हणून अधिक अस्वस्थ करणारा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकाच्या मध्यावर खेड्यांमधल्या नवजात बाळांची वर्षभर घरोघरी जाऊन नोंद घेतली. निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज भासली. प्रत्यक्ष उपचार मिळाले फक्त २.६ टक्के बाळांना. बाकीची घरातच बरी झाली किंवा घरातच गेली. बाळंतिणीला आणि बाळाला महिनाभर उंबऱ्याबाहेर काढायचं नाही ही रीत, आणि दवाखाना लांब. अशा घराला ‘बाळाला दवाखान्यात आणा’ हा निरोप देऊन काय उपयोग होता? बंगांनी उलट वाट धरली. ३९ गावांमध्ये गावातलीच एकेक आरोग्यदूत तयार केली आणि तिच्या झोळीत दवाखाना दिला: थर्मामीटर, वजनकाटा, श्वास अडलेल्या बाळासाठी फुगा आणि मुखवटा, ऊब देणारी झोपण्याची पिशवी, जंतुसंसर्गासाठी सिरप आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन.

त्या झोळीतलं एक साधन नीट पाहण्यासारखं आहे. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटाभरातले श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त भरले तर धोका, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५०. पण साठपर्यंत आकडे न येणाऱ्या बाईने ते मोजायचे कसे? त्यासाठी ‘सर्च’ने मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं छोटं यंत्र बनवलं. वाळू पडू लागली की बाळाच्या पोटाकडे बघायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोचलात तर न्यूमोनिया. लिहिता-वाचता न येताही चालणारं हे निदान मोठमोठ्या तज्ज्ञांच्या पारखीला उतरलं. या घरपोच नवजात सेवेचे निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो साठीच्या घरातच राहिला.

केंद्र सरकारने २०११ मध्ये ही पद्धत देशभर घेतली, पण जरा कापून. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचं, वजन-तापमान घ्यायचं, धोका दिसला तर पुढे पाठवायचं. इंजेक्शन द्यायचं नाही. ‘पुढे पाठवायचं’ हे दोन शब्द कागदावर सोपे आहेत. अमरावतीच्या मेळघाटात किंवा नंदुरबारच्या अक्राणीत त्यांचा अर्थ काय होतो, ते पुढे येईलच.

२००५ हे या विषयातलं वळणाचं वर्ष. त्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यासोबत आशा आली आणि जननी सुरक्षा योजनाही. संस्थेत बाळंत होणाऱ्या गरीब बाईला रोख रक्कम देण्याची ही योजना महाराष्ट्राच्या खेड्यांत दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या मातांना ७०० रुपये देते. २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, येण्याजाण्याची गाडी सगळं मोफत केलं. २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी राज्यात ‘१०८’ च्या ९३७ रुग्णवाहिका धावू लागल्या. गाडी, पैसा आणि आशाताई ही तिन्ही एकत्र आली तेव्हा बाळंतपणं घरातून बाहेर पडली. मात्र २०१० मध्येच ‘लॅन्सेट’मधल्या एका मोठ्या अभ्यासाने बजावलं होतं की दवाखान्यातली बाळंतपणं वाढली असली तरी सगळ्यांत गरीब, सगळ्यांत कमी शिकलेल्या बायकांपर्यंत हे पैसे तितकेसे पोचत नाहीत.

आणि मोफत म्हणजे खरंच मोफत? २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार देशात सरकारी दवाखान्यातल्या एका बाळंतपणाला घरच्यांच्या खिशातून सरासरी २,९१६ रुपये गेले. कुठे औषध बाहेरून आणा, कुठे सोनोग्राफी तालुक्याला खासगीत करा, कुठे मावशींची ओवाळणी, आणि सोबत आलेल्या दोन-तीन माणसांचं खाणंपिणं आणि बुडालेली मजुरी. शेतमजूर घरासाठी ही रक्कम किरकोळ नाही.

मातामृत्यूंचा विचार करताना जगभर एक मांडणी वापरली जाते. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी ती १९९४ मध्ये केली. बाई वाचत नाही त्यामागे तीन विलंब असतात: जायचं ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. महाराष्ट्राच्या नकाशावर हे तीन विलंब बोट ठेवून दाखवता येतात.

पहिला विलंब घरात होतो. सोळा-सतरा वर्षांची सून, दिवस गेलेत हे ती सासूला सांगायलाच तिसरा महिना लावते. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत. बीड जिल्ह्यात तर ४४ टक्क्यांच्या आसपास. या मुलीचं मत कोण विचारणार? रक्त तपासलं, ‘सात पॉइंट आहे’ म्हणून नर्सबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तरी त्या फळीवरच्या डब्यात राहतात. मळमळतं, शी काळी होते, आणि गोळ्यांनी बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल ही भीती. देशभरात १८० दिवस लोहाच्या गोळ्या घेतलेल्या माता फक्त २६ टक्के आहेत, तर गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त रक्तक्षयी. बाळंतपण अडण्याची ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अडलेलं बाळंतपण जिने शेजारच्या घरात पाहिलंय तिच्या दृष्टीने ती हिशेबाची गोष्ट आहे. मळमळ जेवणानंतर गोळी घेतली की कमी होते, हे दोन मिनिटं बसून सांगणारं कोणी भेटलं, तर डबा रिकामा होतो.

बायका दुखणं सांगत नाहीत याचं एक जुनं आणि ढळढळीत उदाहरण राणी बंगांनीच दिलं होतं. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गडचिरोलीच्या दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्यापूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. सरकारी यंत्रणेला बाईची आठवण ती गरोदर झाली की होत होती, किंवा शस्त्रक्रियेचं टार्गेट भरायचं असलं की. मधल्या सगळ्या आयुष्याला दवाखान्यात जागाच नव्हती. अशा ठिकाणी विश्वास कसा बसावा?

दुसरा विलंब रस्त्यावरचा. पालघरच्या जव्हार-मोखाड्यात आजही पावसाळ्यात असे पाडे आहेत जिथे गाडी दोन-तीन किलोमीटर अलीकडेच थांबते. कळा सुरू झालेल्या बाईला चादरीच्या झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन माणसं ओढा ओलांडतात. एकाने पुढे पाय रोवायचा, दुसऱ्याने तोल सांभाळायचा, तिसऱ्याने तिच्यावर प्लास्टिक धरायचं. फोनला रेंज असेल अशा टेकाडावर कोणीतरी आधीच पळालेलं असतं. गडचिरोलीच्या भामरागडमध्ये पर्लकोटा नदीला पूर आला की तालुका जगापासून तुटतो. नर्मदेच्या बुडित क्षेत्रात, अक्कलकुवा आणि अक्राणीच्या काठावर, तरंगता दवाखाना आणि बोट-रुग्णवाहिका हाच रस्ता आहे. यावर शासनाने काढलेला एक उपाय खरोखर शहाणपणाचा आहे. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांना लागून ‘माहेरघर’ उभारलं, तारखेच्या चार-पाच दिवस आधी गरोदर बाईने तिथे येऊन राहायचं, सोबत लहान मूल आणि घरातलं एक माणूस आणायचं, जेवण तिथेच. बाईला घर सोडता येत नाही ते मुख्यतः मागे राहिलेल्या पोरांमुळे, हे ओळखून केलेली ही सोय आहे. जिथे तिथलं जेवण आणि स्वच्छता धड आहे तिथे ती चालते. जिथे कुलूप असतं तिथे अर्थातच नाही.

मेळघाटचं दुखणं या दोन्ही विलंबांच्या मधोमध आहे. १९९३ पासून इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या येतात, उच्च न्यायालयात याचिका होतात, पथकं येऊन जातात. त्याच सुमारास जव्हारमधल्या वावर-वांगणीच्या मुलांच्या मृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. नवसंजीवनी योजना १९९५ मध्ये त्यातूनच आली. मेळघाटात कोरकू आदिवासी कुटुंब आजारी बाळाला आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे नेतं. पोटावर चटके देण्याच्या प्रथेने बाळं दगावली आहेत आणि ती प्रथा थांबायलाच हवी. पण भूमकाकडे लोक का जातात याचं उत्तरही ऐकायला हवं. तो रात्री दोन वाजता दार उघडतो, कोरकू बोलतो, उधारीवर चालतो आणि बाळ गेलं तर घरच्यांबरोबर बसून रडतो. धारणीहून अमरावती घाटाच्या रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या वॉर्डात मराठी-हिंदी बोलणाऱ्यांच्या गर्दीत कोरकू आईला बाळाच्या पेटीजवळ उभं राहून काय चाललंय ते कळत नाही. बाळ वाचलं नाही तर तो इवला देह गावी कसा न्यायचा, हा प्रश्न उरतोच. म्हणून ती ‘रेफर’ची चिठ्ठी घेऊन घरी निघून जाते, आणि रजिस्टरमध्ये ‘पालकांचा नकार’ अशी नोंद होते. आरोग्य खात्यानेही पुढे भूमकांशी भांडण सोडून त्यांच्यामार्फत पेशंट दवाखान्यात यावेत असे प्रयत्न केले. बैरागडला ठाण मांडून बसलेले डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे असोत, की डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ संस्था, ज्यांचा इथे जम बसला ते इथेच राहिले म्हणून बसला.

तिसरा विलंब सगळ्यांत संतापजनक, कारण तोवर बाईने आणि तिच्या माणसांनी करायचं ते सगळं केलेलं असतं. ठरवलं, गाडी मिळाली, पोचली. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथे भूलतज्ज्ञ नाही म्हणून उपजिल्हा रुग्णालयात, तिथे रक्त नाही म्हणून सिव्हिलला. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झालेल्या बाईकडे दोन तास असतात, कधी तेवढेही नसतात. केंद्राच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीप्रमाणे देशातल्या ग्रामीण समुदाय आरोग्य केंद्रांमध्ये गरजेच्या तुलनेत स्त्रीरोगतज्ज्ञ ७४ टक्के आणि बालरोगतज्ज्ञ ८२ टक्के कमी होते. इमारत आहे, पाटी आहे, ऑपरेशन थिएटरही आहे. टाके घालणारा हात नाही. याच काळात देशातल्या खासगी रुग्णालयांमध्ये ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी संस्थांमध्ये १४ टक्के. तालुक्याच्या गावी एकीकडे गरज नसताना पोट उघडलं जातं आणि वीस किलोमीटरवर गरज असताना उघडता येत नाही.

दवाखान्याच्या आत काय घडतं याबद्दल एकच आकडा पुरेसा बोलका आहे. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावणं, पहिला चीक पाजणं, याला ना यंत्र लागतं ना तज्ज्ञ. देशात दवाखान्यातली बाळंतपणं २०१५-१६ ते २०१९-२१ मध्ये ७९ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेली. तासाभरात दूध मिळालेल्या बाळांचं प्रमाण ४१.६ वरून ४१.८. शंभरामागे जवळपास दहा जास्त बायका दवाखान्यात आल्या आणि या एका साध्या गोष्टीत काहीच हललं नाही. कारण एका पाळीला एकच नर्स, तीन बायका कळा देतायत, नोंदवहीत पंधरा रकाने भरायचे आहेत. मग दरडावणं येतं, कधी मांडीवर चापटही बसते. बायका हे सोसतात आणि विसरत नाहीत. पुढच्या खेपेला धाकट्या जावेला त्या काय सांगतात, यावर सेवांचा वापर ठरतो. २०१७ पासून प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, पण पदं रिकामी ठेवून दर्जा येत नसतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ज्या आयांनी यंत्रणेचं ऐकून बाळ तिच्या स्वाधीन केलं होतं, त्यांचं ते नुकसान होतं.

या तीन विलंबांत न मावणारी एक गोष्ट महाराष्ट्रात आहे आणि ती नोंदवह्यांच्या नजरेतून कायम निसटते. पहिलटकरीण ओटीभरणानंतर माहेरी जाते. तपासण्यांची सुरुवात सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, सव्वा महिन्याने कधीतरी परत. सासरच्या आशाच्या यादीत ती आहे, पण गावात नाही. माहेरच्या आशाच्या गावात आहे, पण यादीत नाही. जन्मानंतरचे पहिले दिवस, जेव्हा बाळाच्या जिवाला सगळ्यांत जास्त धोका असतो, नेमके या दोन याद्यांच्या मधे पडतात. ऑनलाइन नोंदणी क्रमांकाने हे सुटायला हवं. प्रत्यक्षात ते कार्ड बाईच्या पिशवीत आहे का आणि समोरची नर्स ते उघडून बघते का, यावर सगळं येऊन ठेपतं.

ऊसतोडीत हीच फट सहा महिन्यांची होते. दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालन्याच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक भरून निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी. गरोदर बाई पहाटे मोळ्या वाहते, रात्री गाडी भरते. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून तपासणीला जायचं नाही. तिचा अंगणवाडीचा आहार गावच्या यादीवर, मुलांच्या लसी गावच्या रजिस्टरवर. कारखान्याच्या परिसरातली आशा तिला ओळखत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, त्यांत तिशी-पस्तिशीच्याही होत्या. पाळीचा, अंगावर जाण्याचा त्रास. त्यापायी होणारे खाडे. आणि ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ म्हणणारा खासगी डॉक्टर. जिला दहा वर्षांत एकही सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ भेटली नाही, तिने शेवटी सेवा ‘वापरली’ ती अशी. नंतर स्थलांतरित माता-बालकांची नोंद ठेवणारं अॅप महिला व बालविकास विभागाने आणलं. गाव सोडताना आणि फडावर पोचताना अशी दोन्हीकडे नोंद झाली तरच त्याचा उपयोग.

याउलट लसीकरण बघावं. महाराष्ट्रात पूर्ण लसीकरण झालेली मुलं २०१५-१६ मध्ये ५६ टक्के होती, पुढच्या फेरीत ७३ टक्क्यांच्या वर गेली. ठरलेल्या वारी नर्सबाई लसींची पेटी घेऊन अंगणवाडीत येतात, आशा आदल्या दिवशी घरोघर सांगून येते, फुकट असतं, अर्ध्या तासात काम होतं. त्या सेवेने स्वतः चालत यायचं ठरवलं.

पोषणाच्या बाबतीतही राज्याने एकदा करून दाखवलं होतं. २००५ मध्ये औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं आणि पहिल्या हजार दिवसांवर लक्ष केंद्रित झालं. दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २४ टक्क्यांच्या जवळ आलं. आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन खात्यांनी एका टेबलाशी बसून केलेलं ते काम होतं. २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं. योजना उत्तम आहे. पण अंगणवाडीताईंना भाजी-अंड्यांचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत की आधी ताटातलं अंडं जातं. मातांना रोख मदत देणाऱ्या मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये आहेत, तेही आधार, बँक खातं, ऑनलाइन अर्ज या पायऱ्या चढल्यावर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० म्हटलं होतं.

हे सगळं ज्या खांद्यांवर टेकलेलं आहे ती आशा. महाराष्ट्रात त्या सत्तर हजारांच्या आसपास आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. कागदावर ती ‘स्वयंसेविका’ आहे, म्हणून तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. नवजात बाळाच्या बेचाळीस दिवसांतल्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. पाड्यावर जायला रिक्षा केली तर त्यातून काय उरतं? मोबदल्यासाठी तिला पुनःपुन्हा संपावर जावं लागलं. २०२३-२४ च्या दीर्घ आंदोलनानंतर राज्याने तिच्या मासिक मोबदल्यात पाच हजारांची वाढ केली. ती मिळायला हवीच होती, आणि ती पुरेशी नाही. तिच्याकडून मोबाइलमध्ये माहिती भरून घेण्यात जेवढा वेळ जातो, त्यातला थोडा तरी तिला शिकवण्यावर आणि तिच्याबरोबर घरभेटीला जाण्यावर खर्च व्हायला हवा.

काय करता येतं याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने तिचं संयोजन केलं. गावकऱ्यांच्या समितीने नर्सबाई येतात का, औषधं आहेत का, पैसे मागितले जातात का याचं प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचं. भर सभेत एखादी बाई उठून ‘माझ्याकडून पैसे घेतले’ म्हणून सांगे, आणि उत्तर त्याच व्यासपीठावरून द्यावं लागे. कित्येक ठिकाणी मोफत सेवांच्या पाट्या लागल्या, घेतलेले पैसे परत झाले, बंद उपकेंद्रं उघडली.

दुसरं उदाहरण केरळचं आहे. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय तपासणी सुरू केली. बाईचं आणि रुग्णालयाचं नाव काढून टाकायचं आणि कुठल्या क्षणी काय केलं असतं तर ती वाचली असती, एवढंच शोधायचं. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव सगळ्यांत वर निघाला, मग त्यासाठी काय करायचं याचे नियम ठरले आणि राज्यभर शिकवले गेले. २००४-०६ मध्ये केरळात एक लाखामागे ९५ माता जात होत्या, २०१८-२० मध्ये १९. महाराष्ट्रातही प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करण्याची पद्धत आहे, जिल्ह्याच्या पातळीवर समितीसमोर फाइल जाते. त्या फाइलमधलं कारण, नाव गाळून, तालुक्यातल्या प्रत्येक नर्सबाईपर्यंत, आशापर्यंत आणि ग्रामसभेपर्यंत यायला हवं: गाडी किती वाजता बोलावली आणि किती वाजता आली, रक्तदाब आठव्या महिन्यात मोजला होता का, रक्ताची पिशवी कुठून मिळाली असती, आणि तिला एकूण किती दवाखान्यांनी पुढे पाठवलं.